पांढरीतला इतिहास

महाराष्ट्रातील खेड्यांत जमिनीची दोन नावे पूर्वापार चालत आली आहेत. शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. काळीत पीक येते, पांढरीत माणसे राहतात. पांढरीतल्या घराच्या भिंती कालांतराने पडतात व त्यांची माती होते. चुलीतली राख, गोठ्यातले शेण, फुटकी गाडगी-मडकी त्या मातीत मिसळतात. पुन्हा त्याच जागी नवे घर उभे राहते. असे शेकडो वर्षे चालले म्हणजे जमीन उंचावत जाते आणि तिचा रंग राखेसारखा पांढुरका होतो. गाव उठून गेले, तरी त्याची पांढरी मागे राहते. गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड अशा नद्यांच्या काठी पांढरीची कितीतरी टेकाडे आहेत. गुराखी त्यांवर गुरे चारतात. तेथील माती सुपीक म्हणून शेतकरी ती गाड्या भरभरून शेतात नेतात. त्या मातीबरोबर जुन्या खापरांचे तुकडेही शेतात जाऊन पडतात आणि नांगराखाली त्यांचा चुरा होतो.

इतिहास म्हटला, की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. किल्ले, राजवाडे व लेणी पाहण्यास लोक दूरवरून जातात. कारण त्या स्थळांशी कोणा पराक्रमी पुरुषाचे किंवा उदार राजाचे नाव जोडलेले असते. पांढरीच्या टेकाडाशी असे कोणाचेच नाव जोडलेले नसते. अतिप्राचीन काळी तेथे राहिलेल्या माणसांना लिहिण्याची कला अवगत नव्हती. त्यांनी शिलालेख कोरले नाहीत, की बखरी लिहिल्या नाहीत. मग त्या माणसांना इतिहासच नव्हता, असे म्हणावयाचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात एका विद्वानाचे सारे आयुष्य खर्ची पडले. त्यांचे नाव डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया.

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत झाला. त्यांचे घराणे मूळचे गुजरातचे व वकिली करणारे होते. जन्मतः त्यांची प्रकृती इतकी नाजूक होती, की हे मूल जगेल अशी आशा कोणास वाटत नव्हती. हेच मूल पुढे ऐंशी वर्षे जगले आणि उन्हातान्हात, नदीनाल्यांच्या काठांनी, शेकडो कोस पायी हिंडले.

पंधराव्या वर्षी त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांचा एक इंग्रजी ग्रंथ आला. वेदांतील उल्लेखांवरून आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ असावे, असे प्रतिपादन टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात केले होते. ग्रंथ कठीण होता. त्यातील पुष्कळसा भाग त्या मुलाला समजला नाही. न समजणारे पुस्तक मुले बहुधा बाजूला ठेवून देतात. हसमुखच्या मनाने मात्र त्याच दिवसांत घेतले, की भारतातील प्राचीन लोकांविषयी आपणही काहीतरी शोधून काढावयाचे. त्यासाठी त्याने संस्कृत व गणित या विषयांची कास धरली. न समजलेल्या एका पुस्तकाने त्याच्या आयुष्याची दिशा ठरविली.

महाविद्यालयात त्यांनी संस्कृतात उत्तम यश मिळविले. एम. ए. च्या परीक्षेसाठी त्यांनी प्राचीन नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. पुढील अभ्यासासाठी ते लंडनला गेले. तेथे मॉर्टिमर व्हीलर या प्रसिद्ध पुरातत्त्वज्ञाच्या हाताखाली मेडन कॅसल या प्राचीन टेकडीवरील किल्ल्याच्या उत्खननात भाग घेण्याची संधी त्यांना मिळाली. पुस्तके वाचून इतिहास शिकणाऱ्या या तरुणाने तेथे माती वाचावयास शिकण्यास आरंभ केला.

माती वाचणे म्हणजे काय? टेकाडात सरळ खाली चर खणला, की त्याच्या बाजूच्या भिंतीत मातीचे निरनिराळे थर दिसतात. एक थर राखेचा असतो, एक भाजलेल्या मातीचा, एक नदीच्या पुराने आणून टाकलेल्या गाळाचा. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना व वरचा त्यामानाने अलीकडचा. कोणती वस्तू कोणत्या थरात सापडली, याची नोंद त्याच क्षणी करावी लागते. चार तुकडे वेगवेगळ्या थरांतले असून एका टोपलीत मिसळले गेले, तर त्यांच्या काळाचा उलगडा पुन्हा होत नाही. ग्रंथाचे पान उलटले, तरी ते मागे जाऊन पुन्हा वाचता येते. खणलेला थर पुन्हा पूर्वीसारखा रचता येत नाही. म्हणून उत्खनन करणाऱ्यास कुदळीपेक्षा लहान चाकू, कुंचला व नोंदवही यांचाच उपयोग अधिक करावा लागतो.

सांकलिया १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. हे जुने कॉलेज मध्यंतरी बंद पडले होते व त्याच वर्षी संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले होते. सांकलियांनी विद्यार्थ्यांना केवळ वर्गात बसवून ठेवले नाही. पुण्याच्या आसपासची देवळे आणि प्राचीन काळी मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या मोठमोठ्या शिळा हे त्यांच्या अभ्यासाचे विषय झाले. पुढे १९४१ पासून गुजरातेत साबरमती व इतर नद्यांच्या काठी त्यांनी अश्मयुगाचा शोध सुरू केला. उत्तर गुजरातेतील लांघणज या गावी वाळूच्या टेकडीत त्यांना नखाएवढी बारीक दगडी हत्यारे मिळाली. आणि त्यांच्याबरोबर ती हत्यारे वापरणाऱ्या माणसांचे सांगाडेही मिळाले. या कामात डॉ. इरावती कर्वे त्यांच्या सहकारी होत्या.

महाराष्ट्राचा बराचसा प्रदेश ज्वालामुखीच्या रसापासून बनलेल्या काळ्या खडकाचा आहे. अशा प्रदेशात अश्मयुगातील मानव फारसा वावरला नसावा, असा पूर्वी पुष्कळांचा समज होता. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या काठी सांकलियांना दगडी हत्यारे सापडली आणि हा समज डळमळीत झाला. ही हत्यारे नदीकाठच्या गोट्यांत मिसळून पडलेली होती. सामान्य मनुष्याच्या दृष्टीने तो निव्वळ गोटा. परंतु त्याच्या कडेवर नेमक्या जागी टवके काढून धार केलेली असते, आणि नदीच्या प्रवाहात घरंगळणाऱ्या दगडाला तशी धार येत नाही. हा फरक ओळखावयास डोळा तयार व्हावा लागतो. तो घरी बसून तयार होत नाही.

पुढे संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे या गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. तेथे तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या; आणि तांबड्या रंगाची, काळ्या रेघांची नक्षी काढलेली, वाजविली असता धातूसारखा खणखणीत नाद करणारी मडकी मिळाली. तशीच मडकी पुढे महाराष्ट्रातील इतर अनेक गावी निघाली. त्यामुळे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या सबंध संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ असे नाव मिळाले. एका लहानशा गावाचे नाव अशा रीतीने जगभरच्या पुरातत्त्वज्ञांच्या ग्रंथांत जाऊन बसले.

प्रवरेच्या काठी आणखी खाली नेवासे आहे. ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली असे भाविक मानतात, तो खांब येथेच आहे. याच नेवाशात ‘लाडमोड’ नावाचे एक टेकाड आहे. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात तेथे उत्खनन केले. वरच्या थरांत मुसलमानी व मराठी अमदानीतल्या वस्तू मिळाल्या. त्यांच्याखाली सातवाहनांच्या काळातील वस्ती आणि दूरच्या रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा आढळल्या. त्याच्याही खाली जोर्वे संस्कृतीतील शेतकऱ्यांची वस्ती होती. नदीच्या जुन्या गाळात तर त्याहूनही प्राचीन अशा अश्मयुगातील मानवाची हत्यारे होती. ज्ञानेश्वरांच्या आधी हजारो वर्षे नेवाशात माणसांचा वावर होता, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

या टेकाडात घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने मिळाली. दोन मडकी आडवी ठेवून त्यांची तोंडे एकमेकांस भिडविलेली आणि त्यांच्या आत मुलाची हाडे, अशी त्यांची रचना होती. दूर रानात न नेता आपले मूल आपल्या घराच्या जमिनीतच ठेवावे, असे त्या आईबापांना का वाटले असेल, हे कोणत्याही खापरावर लिहिलेले नाही. अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मणी गंजले होते. परंतु त्या गंजामुळेच आतील धाग्याचा अंश कुजून न जाता टिकून राहिला होता. तज्ज्ञांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात रेशीम व कापूस यांचे तंतू आढळले. इतक्या प्राचीन काळी या भागात कापूस व रेशीम ठाऊक होते, ही मोठीच माहिती बोटभर धाग्याने दिली. ते मूल कोणाचे, त्याचे नाव काय, हे कधीच कळणार नाही. तथापि त्याच्या गळ्यात कोणीतरी मायेने माळ घातली होती, एवढे निश्चित कळले.

सांकलियांनी नर्मदेच्या काठीही उत्खनने केली. अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरासमोर, नदीच्या पलीकडील तीरावर नावडातोडी हे गाव आहे. तेथे प्राचीन शेतकऱ्यांच्या घरांत जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे मिळाले. त्यांत गहू, तांदूळ आणि मसूर अशी धान्ये ओळखता आली. कोळसा झालेला दाणा सहसा कुजत नाही. आणि तो किती जुना आहे, हेही ठरविता येते. सजीव वस्तूत कार्बन १४ नावाचे द्रव्य अल्प प्रमाणात असते. ती वस्तू निर्जीव झाली, की ते द्रव्य ठराविक गतीने घटू लागते आणि सुमारे ५७३० वर्षांत निम्मे उरते. शिल्लक राहिलेले द्रव्य मोजून वस्तूचा काळ सांगण्याची ही रीत १९५० च्या सुमारास प्रचारात आली. ज्यांनी एकही सनावळी लिहून ठेवली नाही, त्यांचा काळ सांगण्याचे काम अशा रीतीने चुलीतल्या कोळशाने केले.

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावचे उत्खनन या सर्वांत दीर्घकाळ चालले. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली ते १९६८ मध्ये सुरू झाले व १९८३ पर्यंत होत राहिले. येथे केवळ एक-दोन चर न खणता बरीच मोठी जागा उघडण्यात आली. त्यामुळे शंभरांहून अधिक घरांच्या जमिनी, चुली व धान्याच्या कोठ्या दृष्टीस पडल्या. सारे गावच समोर उभे राहिले. एक घर पाच खोल्यांचे होते आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. ते गावच्या प्रमुखाचे असावे, असे अनुमान निघाले. नदीच्या पुराचे पाणी वळविण्यासाठी गावकऱ्यांनी बांध घातला होता व पाट खणला होता. ते मुख्यतः सातूचे पीक काढीत आणि गुरे पाळीत.

इ. स. पूर्व १००० च्या पुढील थरांत मात्र चित्र पालटलेले दिसले. ऐसपैस चौकोनी घरे जाऊन त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या होत्या. शेती रोडावली होती व शिकार वाढली होती. पर्जन्यमान घटत गेल्यामुळे लोकांवर ही वेळ आली असावी, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. अखेर इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. हे उत्खनन चालू असतानाच १९७२ चा भीषण दुष्काळ महाराष्ट्राने अनुभवला. पाऊस दगा देतो तेव्हा शेतकऱ्याची काय अवस्था होते, हे समजण्यास कोणास टेकाड खणण्याची गरज त्या वर्षी नव्हती.

पंधराव्या वर्षी मनात आलेला प्रश्न घेऊन सांकलिया निघाले होते. ही टेकाडे वसविणारे लोक कोण होते, ते आर्य होते की अन्य कोणी, त्यांचा दूरच्या देशांशी काही संबंध होता काय, यांविषयी त्यांनी अनेक तर्क मांडले. मडक्यावर त्याच्या मालकाची भाषा लिहिलेली नसते. म्हणून त्या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर मिळाले नाही. परंतु ते शोधीत असता त्यांना दुसरेच काही गवसले. हे लोक काय पेरीत होते, काय खात होते, कशा घरांत राहत होते आणि आपल्या मुलांना कसा निरोप देत होते, हे त्यांनी प्रमाणांनिशी दाखविले. ज्यांची नोंद कोणी ठेवली नाही, अशा कष्टाळू माणसांना त्यांनी इतिहासात जागा मिळवून दिली.

साठी उलटली, तरी त्यांची दृष्टी मंदावली नव्हती. काश्मीरमध्ये पहलगाम येथे लिद्दर नदीच्या काठी १९६९ मध्ये त्यांना दगडी हत्यारे आढळली. जेथे इतरांचे लक्ष डोंगरांवरील हिमाकडे जाते, तेथे त्यांचे लक्ष पायांखालच्या दगडांकडे गेले होते. भारत सरकारने १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण ही पदवी दिली. १९७३ मध्ये ते सेवानिवृत्त झाले. अभ्यासातून मात्र ते कधीच निवृत्त झाले नाहीत. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

थराची नोंद नसली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण प्रवरेच्याच काठी घडले. दायमाबाद येथे १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणीत असता एका स्थानिक माणसाला धातूच्या चार अप्रतिम वस्तू सापडल्या. त्यांत बैलजोडीचा रथ व तो हाकणारा मनुष्य, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी शिल्पे होती. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरले. त्या वस्तू सरकारजमा झाल्या, म्हणूनच आज त्या पाहता येतात. परंतु त्या शास्त्रीय उत्खननात मिळाल्या नसल्यामुळे, त्या नेमक्या कोणत्या काळच्या याविषयी विद्वानांत एकमत झालेले नाही. वस्तू वाचली, तिची निम्मी हकिकत मात्र हरवली.

जुन्या स्थळांना भेट देणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. किल्ल्याच्या भिंतीवर नाव कोरणारा दुसऱ्याच्या इतिहासावर ओरखडा काढीत असतो. टेकाडावरचे खापर आठवण म्हणून खिशात घालणारा, त्या खापराची साक्षच पुसून टाकीत असतो. ते तेथेच राहू द्यावे; त्याचे चित्र काढावे, जागा व दिवस वहीत टिपावा. जमिनीत जुनी नाणी वा मौल्यवान वस्तू सापडली, तर ती जिल्हाधिकाऱ्यांस कळवावी, असा १८७८ पासून कायदाच आहे. गावाची पांढरी ही त्या गावाची सर्वांत जुनी वही आहे. ती वाचणारा गावात येईपर्यंत ती सांभाळणे गावकऱ्यांच्या हाती असते.

अभ्यास

१. ‘काळी’ व ‘पांढरी’ या शब्दांचे अर्थ सांगा. पांढरीचे टेकाड कसे तयार होते?
२. लोकमान्य टिळकांच्या ग्रंथाचा सांकलियांच्या मनावर कोणता परिणाम झाला?
३. ‘खणलेला थर पुन्हा पूर्वीसारखा रचता येत नाही.’ या वाक्याचा आशय दायमाबादच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. नेवासे येथे सापडलेल्या मण्यांच्या माळेवरून कोणती गोष्ट निश्चित कळली? कोणती कळू शकली नाही?
५. इनामगावच्या लोकांच्या राहणीत कोणते बदल झाले? त्यांचे कारण कोणते असावे?
६. पुढील शब्द वाक्यांत योजा: खर्ची पडणे, कास धरणे, डळमळीत होणे, ओस पडणे.
७. आपल्या गावातील एखाद्या जुन्या स्थळाला भेट द्या. कोणत्याही वस्तूला हात न लावता तेथे जे दिसेल त्याची नोंद करा. वडीलधाऱ्यांकडून त्या स्थळाची माहिती विचारून दहा ओळी लिहा.